नोटीस पंचायतीची, स्थगिती वरची!

गोव्यात हडफड्याच्या ‘बर्च बाय रोमिओ लेन’ या नाइट क्लबात ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री लागलेल्या आगीत २५ माणसे गेली. त्यांतली बहुतेक तिथे राबणारी, पोटासाठी दूरदूरच्या राज्यांतून आलेली. मालक काही तासांत विमानाने फुकेतला पोहोचले, मग पकडून आणले गेले. निलंबने झाली, चौकशी झाली, अहवाल आला. आता जो तो त्या अहवालातून आपल्याला सोयीचे पान काढून दाखवतो आहे. आम्हाला मात्र एकाच कागदाबद्दल बोलायचे आहे. या क्लबचे बांधकाम पाडा, अशी नोटीस ग्रामपंचायतीने बजावली होती. तिला पंचायत संचालनालयातून स्थगिती मिळाली आणि स्थगितीच्या छायेत क्लब वाजत राहिला. मिठागराच्या जागेतले बांधकाम, आत जायला चिंचोळी वाट. आग लागली तेव्हा अग्निशमनचे बंबही लांबच थांबवावे लागले.

पंचायतीच्या कागदाला किती किंमत असते, हे तीनच दिवसांनी गोव्याने पाहिले. मुख्यमंत्र्यांनी आदेश दिला आणि ९ डिसेंबरला वागातोरला याच मंडळींच्या दुसऱ्या अतिक्रमणावर जेसीबी चालला. तिथे अपील आडवे आले नाही, सुनावणीची तारीख पडली नाही. म्हणजे पाडता येते. पाडायचे कोणी म्हटले, एवढाच प्रश्न असतो. सरपंचाने म्हटले तर कायद्याची सगळी कलमे जागी होतात. मुख्यमंत्र्यांनी म्हटले तर ती झोपी जातात.

पंचायत धुतल्या तांदळासारखी आहे, असे कोणी समजू नये. व्यापार परवान्याची मुदत मार्च २०२४ मध्येच संपली होती, तरी दाराला कुलूप लागले नाही. याबद्दल सरपंच आणि सचिवांना जाब विचारलाच पाहिजे. पण आपण दिलेला प्रत्येक आदेश वर जाऊन मोडतो, हे ज्याला पक्के ठाऊक असते तो सरपंच एक तर आदेश देणे सोडतो, नाही तर आदेश न देण्याची किंमत ठरवू लागतो. अधिकार काढून घ्यायचे आणि जबाबदारी तेवढी गावाच्या गळ्यात बांधायची, ही व्यवस्था बिल्डरांना मानवते आणि सचिवालयालाही. गैरसोय होते ती फक्त गावाची.

आराखड्यांचेही तेच. २००७ मध्ये लोकांनी रस्त्यावर येऊन गोव्याचा प्रादेशिक आराखडा २०११ रद्द करायला लावला. त्यानंतर चार्ल्स कोरियांसारख्या नियोजनकाराच्या देखरेखीखाली आराखडा २०२१ आकाराला आला आणि त्याचे नकाशे गावोगावच्या पंचायतींपुढे ठेवले गेले. शेत कुठे, वस्ती कुठे, डोंगर कुठे, यावर गावांनी वाद घातले. एवढ्या खटाटोपावर पाणी टाकायला २०२३ मध्ये नगरनियोजन कायद्यात एक पोटकलम पुरले: १७(२). आराखड्यातल्या ‘अनवधानाने झालेल्या चुका’ दुरुस्त करण्यासाठी! एका जमीनमालकाने अर्ज करायचा, शुल्क भरायचे आणि त्याच्यापुरती चूक दुरुस्त व्हायची. म्हणजे भातशेतीची वस्ती व्हायची. या पोटकलमाखालचे नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने १३ मार्च २०२५ रोजी रद्द केले. सरकार खजील झाले का? छे. २०२४ मध्येच ३९अ हे नवे कलम तयार करून ठेवलेले होते. त्यात हरकतींना तीस दिवस दिलेत, हेच उपकार. गावाने वर्षानुवर्षे घासून केलेला नकाशा एका अर्जाने बदलतो आणि तो बदलावा की नाही, यात पंचायतीला मत नसते. तिच्याकडे फाइल येते ती थेट बांधकाम परवान्यासाठी. तेव्हा अडवले तर अपील, मुदतीत निर्णय दिला नाही तरी अपील.

हे गोव्याचेच दुखणे आहे असेही नाही. मुंबईची महापालिका देशातली सर्वांत श्रीमंत, पण मॉलवाल्यांपुढे तिचे तरी काय चालले? लोअर परळच्या फिनिक्स मिलमध्ये करमणूक केंद्र म्हणून परवानगी घेतली गेली. तिथे बोलिंग ॲली आली, डिस्को आला आणि बघता बघता मॉल उभा राहिला. १९९१ च्या नियमावलीतील ५८ व्या कलमाप्रमाणे गिरण्यांच्या जमिनीचा एक वाटा मोकळ्या जागांसाठी पालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला मिळायचा होता. २००१ मध्ये राज्य सरकारने त्यात बदल केला: वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीची. पाडलेल्या शेडखालची जमीन वगळली आणि मैदानांचा हिशेब तिथेच आटोपला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरले. नियम मंत्रालयात बदलला. पालिकेला निमूट ऐकावे लागले. गिरणगावातल्या पोरांना खेळायला काय उरले, हे तिथे जाऊन पाहावे.

अनमोड घाटापलीकडची भानगड म्हणून कर्नाटकातल्या जोयडा तालुक्याने याकडे पाठ फिरवू नये. गणेशगुडीत राफ्टिंग आले, काळी नदीच्या काठाने रिसॉर्टे आणि होम-स्टे आले. खोल्यांमागून हॉटेले येतात, बार येतात, पार्किंग येते, मोठी दुकाने येतात. ही पेठ कुठे बसवायची, किती वाढू द्यायची, हे ठरवणार कोण? २०२० मध्ये कर्नाटकाने भूसुधारणा कायद्यातली ७९अ आणि ७९ब ही कलमे काढली आणि शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेण्याची वाट मोकळी झाली. ती बिनशेती करण्याचा आदेश जिल्हाधिकाऱ्यांचा, म्हणजे अणशी घाट उतरून कारवारचा. तालुका पंचायतीची मुदत २०२१ मध्ये संपली. पुढची वर्षे प्रशासकाच्या सहीवर निघाली. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतल्या कुणब्याला वाडीपर्यंत रस्ता हवा असेल तर वनखात्याचे नियम तोंडपाठ ऐकवले जातात. वनहक्क कायद्याचा दावा घेऊन तो वर्षानुवर्षे खेटे घालतो. त्याच तालुक्यात बाहेरचा पैसेवाला वकिलासह येतो आणि थेट वरच्यांशीच बोलतो.

या तालुक्याला विचारण्याची पद्धत तशी कधीच नव्हती. काळीवर धरण झाले, जुने सुपे बुडाले, कारभार जोयड्याला आला, विस्थापितांचे रामनगर वसले. सुप्याच्या होकारावाचून कोणाचे काही अडले नाही. आज बेळगाव-गोवा रस्त्यावरच्या त्या रामनगराच्या जमिनीकडे कोणाचा डोळा वळेल, हे सांगायला ज्योतिषी नको. गुंतवणूक येते, रोजगार येतो, पंचायती अडवणूक करतात, हा युक्तिवाद आम्ही ऐकून आहोत. अडवणूक होत असेल तर कारणे लेखी मागा, चुकीचा ठराव गावात सुनावणी घेऊन फिरवा; बंद खोलीत स्थगिती कशाला? जोयड्यातल्या कंदमुळांच्या मेळ्यात कोन, करांदे घेऊन बसणाऱ्या बाईचे कौतुक करायला पुढारी येतात, छायाचित्रे निघतात. रोजच्या बाजारात तिला बसायला हक्काची जागा मात्र कोणत्या नकाशात आहे, हे विचारले तर उत्तर मिळत नाही.

जोयड्यातल्या ग्रामसभांनी पुढची व्यापारी बिनशेती होण्याआधीच ठराव करावेत: गावाच्या संमतीशिवाय शेताचे दुकान होणार नाही आणि पंचायतीच्या आदेशाला स्थगिती द्यायची तर ती सकारण, गावाच्या फलकावर लावून द्यावी. हे ठराव कारवारला केराच्या टोपलीत जातील, अशी पूर्ण शक्यता आहे. ते लावून धरायला निवडून आलेली तालुका पंचायत लागते. तिच्या निवडणुकीचा निर्णय बंगळूरच्या हातात आहे आणि बंगळूरने घाई केल्याचे आजवर तरी दिसलेले नाही.