नोडच्या घरात स्मॉलटॉक

शनिवारी दिवसभर पाऊस. सिंहगडाचा बेत बारगळला, म्हणून एक जुनं खूळ बाहेर काढलं. कॉलेजात असताना स्क्वीकमध्ये, म्हणजे स्मॉलटॉकच्याच एका अवतारात, हिशोबाचा प्रोग्रॅम लिहिला होता. फ्लॅटवरचे आम्ही चौघं, किराणा, लाइट बिल, आणि दर वीकेंडला गावी पळणाऱ्याचा वाटा कमी. म्हटलं हा नोडवर चढवू, भाड्याचा सर्व्हर रिकामाच पडलाय.

अंबर घेतलं. ते स्मॉलटॉकचा कोड जावास्क्रिप्टमध्ये उतरवतं आणि तो नोडवर सरळ चालतो. किरकोळ डागडुजी करून तासाभरात चाललासुद्धा! मग माझ्याच जुन्या टेस्ट चालवल्या आणि एक आपटली: १/१० + २/१० = ३/१०.

स्क्वीकमध्ये १/१० हा खराखुरा अपूर्णांक असतो, त्यामुळे उत्तर बरोब्बर ३/१०. अंबरमध्ये आकडे यजमानाचे, म्हणजे जावास्क्रिप्टचे. तिथे बेरीज होते ०.३०००००००००००००००४ आणि तुलनेचं उत्तर 'खोटं'. एरर नाही, आरडाओरडा नाही, गपचूप खोटं. १ ते १०० चा गुणाकार केला तर स्क्वीक १५८ आकडे जसेच्या तसे देतो, इथे मिळतं फक्त ९.३३ गुणिले दहाचा १५७ वा घात. टेस्ट नसती तर मला कळलंही नसतं.

अंबरला नावं ठेवत नाहीये. वेग हवा, एनपीएमची लायब्ररी हवी, तर हा सौदा करावाच लागतो. पण "सिन्टॅक्स आला की स्मॉलटॉक आला" हे मला पटत नाही. स्क्वीकमध्ये एखादी मेथड नसली तर डीबगर उघडतो, मी तिथेच मेथड लिहितो आणि प्रोग्रॅम थांबला होता तिथून पुढे जातो. सगळे ऑब्जेक्ट, कोड, उघड्या खिडक्यासुद्धा, एका इमेजमध्ये जिवंत असतात. नोडवर काय झालं? टर्मिनलवर चार ओळी आणि प्रोसेस खल्लास.

गंमत म्हणजे ही दोन्ही घराणी नात्यातली. नोड ज्यावर चालतं त्या व्ही-८ चे (२००८) कर्तेधर्ते लार्स बाक त्याआधी सेल्फ आणि स्ट्राँगटॉकच्या व्हर्च्युअल मशीनवर काम करत होते. व्ही-८ च्या वेगामागचं इनलाइन कॅशिंग डॉइच आणि शिफमन यांनी १९८४ साली स्मॉलटॉक-८० साठीच मांडलं होतं. म्हणजे इंजिन आपल्याच गावचं, फक्त गाडी दुसऱ्याची!

दुसरी वाट आहे स्क्वीकजेएसची, व्हेनेसा फ्रॉइडेनबर्ग यांनी लिहिलेल्या. ते कोड भाषांतरित करून ठेवत नाही, अख्खं व्हर्च्युअल मशीनच जावास्क्रिप्टमध्ये आहे. इमेज जशी आहे तशी उचलायची आणि चालवायची. वेग कमी, नोडच्या लायब्ररीशी बोलायचं तर खटपट जास्त. ऑफिसात हे सुचवलं तर मॅनेजर चहा पाजून परत पाठवेल. पण इथे स्मॉलटॉकचे आकडे स्मॉलटॉकचेच राहतात, आणि ज्याचं कामच हिशोब आहे त्याला मी हीच वाट देईन.

रविवारी रात्री जुनी इमेज नोडवर स्क्वीकजेएसमध्ये चढवली. टेस्ट रेंगाळत चालल्या, पण सगळ्या पास. आता तिला नेटवर्कशी जोडायचंय, ते पुढच्या वीकेंडला. पाऊस असला तर.