मॉडेलर, मेटल आणि आमचे कान

हेवी मेटल हें संगीत आहे कीं गोंगाट आहे, हा वाद आम्हांस येथें करावयाचा नाहीं. ज्यांस तो गोंगाट वाटतो त्यांनीं खुशाल पुढचा लेख उघडावा. आमचा झगडा त्या संगीताच्या उपासकांशींच आहे आणि तोहि एका लहानशा पेटीवरून आहे. गिटारच्या तारेचा कंप विजेच्या रूपानें आंत घ्यावयाचा, गणितानें त्यावर अॅम्प्लिफायर, स्पीकर व मायक्रोफोन यांचे संस्कार करावयाचे आणि तयार नाद बाहेर सोडावयाचा, असें जें यंत्र 'मॉडेलर' या नांवानें विकलें जातें, त्याविषयीं दोन पक्ष माजले आहेत. दोन्ही पक्ष चुकीचे आहेत, असें आमचें स्पष्ट मत आहे.

पहिला पक्ष व्हॉल्व्हच्या सनातन्यांचा. जळत्या व्हॉल्व्हमध्यें आत्मा असतो, अंकगणितांत तो नसतो, असें हे म्हणतात. यांस आम्ही इतकेंच विचारतों कीं, तुमच्या या पंथाचा जन्म कोणत्या सोंवळ्यांत झाला? बर्मिंगहॅमच्या एका पत्र्याच्या कारखान्यांत टोनी आयोमी याच्या दोन बोटांचीं टोकें तुटलीं. त्यानें त्यांवर घरगुती टोपणें बसविलीं, बारीक तारा लावल्या, आणि 1970 सालीं ब्लॅक सबाथचा पहिला संग्रह बाहेर पडला. ज्या फाटलेल्या नादावर हें सारें संगीत उभें आहे, तो मुळांत अॅम्प्लिफायरचा दोष. अभियंते तो घालवूं पाहत होते. 1990 सालीं स्टॉकहोमच्या एन्टूम्ब्ड मंडळीनें बॉस कंपनीच्या एचएम-2 या स्वस्त पेडलचीं सगळीं बटणें शेवटापर्यंत फिरविलीं, आणि त्या कर्कश करवतीच्या नादाचे पुढें संप्रदाय झाले! मेटॅलिकानें 2013 सालीं अंटार्क्टिकांत जो जलसा केला, त्यांत श्रोत्यांनीं तो कानाला हेडफोन लावून ऐकला. पुढील दौऱ्यांतहि ही मंडळी अॅक्स-एफएक्स हा मॉडेलरच वापरीत आली. त्यांच्या चाहत्यांपैकीं कितीजणांस आत्मा हरवल्याचें जाणवलें?

आमच्याकडे 1940 सालीं नभोवाणीनें हार्मोनियमवर बंदी घातली, तेव्हांहि असाच कोलाहल झाला होता. पण त्या आक्षेपांत निदान कांहीं तथ्य होतें. पेटीवर मींड निघत नाहीं ही गोष्ट कोणीहि ऐकून ठरवूं शकतो. व्हॉल्व्हवाल्यांनीं पडद्याआड दोन्ही नाद ऐकून असा एखादा निश्चित उणेपणा दाखवावा. मग आम्ही त्यांचें ऐकूं.

तथापि सनातन्यांपेक्षां आम्हांस दुसऱ्या पक्षाची चीड अधिक आहे. हा संग्राहकांचा पक्ष. 1998 सालीं लाइन सिक्स कंपनीनें घेवड्याच्या दाण्याच्या आकाराचा लाल 'पॉड' काढला, तेव्हां त्यांत मोजकेच अॅम्प होते. आज ते शेंकड्यांनीं मिळतात, वर इतरांनीं जुळविलेले तयार नाद विकत मिळतात ते निराळेच. आमच्या एका भाच्यानें असें यंत्र घेतलें. सहा महिन्यांत त्यानें किती नाद गोळा केले याची गणती नाहीं. पण एक गाणें पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यानें वाजविल्याचें आम्हीं ऐकलें नाहीं.

त्याचा नाद घरांत भव्य वाटे आणि मित्रांच्या ताफ्यांत नाहींसा होई. दोष यंत्राचा, असें म्हणून तो दुसरें यंत्र घेण्याच्या विचारांत होता. आम्हीं बटणें पाहिलीं. खर्ज पूर्ण, टीप पूर्ण, मधला पट्टा शून्य, आणि गेन शिगोशीग! फ्लेचर व मन्सन यांनीं 1933 सालींच दाखवून दिलें आहे कीं, नाद हळू असतांना कानास खर्ज व टीप कमी ऐकूं येतात. रात्रीं शेजारी जागे होऊं नयेत म्हणून हळू आवाजांत जुळविलेला नाद रंगमंचावर बोजड व कर्कश होणारच. शिवाय गिटारच्या जाड तारेचा मूळ स्वर 82 हर्ट्झचा, आणि बास गिटारच्या 41 हर्ट्झच्या स्वराची दुप्पट नेमकी तेथेंच येते. त्या जागेवर भांडण्यांत गिटारचा लाभ काय? 80 ते 100 हर्ट्झच्या खालचें सर्व छाटावें, मधला पट्टा परत आणावा, आणि गेन आपणांस हवासा वाटतो त्याहून बराच कमी ठेवावा. गेन वाढवितां वाढवितां प्रत्येक आघात सारखाच होतो. मग तळहातानें दाबलेल्या तारेचा तो ठोका उरतो कोठें? या संगीतांतले जाणते लोक अॅम्पच्या आधीं ट्यूब स्क्रीमर ठेवितात, तें त्याचें ड्राइव्ह जवळजवळ शून्यावर व लेव्हल वर ठेवून. नाद अधिक फाडावयास नव्हे, तर खालचा चिखल अॅम्पपर्यंत पोंचूं नये म्हणून.

आणि ज्यासाठीं एवढी धडपड, तो अॅम्प बदलल्यानें फरक पडतो त्याहून पुष्कळदां अधिक फरक स्पीकरची पेटी व तिच्यासमोरचा मायक्रोफोन बदलल्यानें पडतो. मॉडेलरमधील ही कृत्रिम पेटी बंद ठेवून नाद सरळ सभागृहाच्या स्पीकरांत सोडला तर गांधीलमाश्यांचें पोळें उठतें. खऱ्या गिटार-पेटीपुढें ती चालू ठेवली तर पेटीवर पेटी चढून नाद घुसमटतो. हें न पाहतां लोक नवीं यंत्रें घेतात.

मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची जवारी काढतो तेव्हां घोडी घासतो आणि ऐकतो, पुन्हां घासतो आणि ऐकतो. शंभर तंबोरे समोर मांडून त्यांतला गोड कोणता, असें तो विचारीत नाहीं. मॉडेलरवाल्यानेंहि एक अॅम्प व एक पेटी घेऊन महिनाभर तेंच करावें. यंत्र कोणतें घ्यावें, हा प्रश्न त्यापुढें फारसा उरत नाहीं. हेलिक्स, क्वाड कॉर्टेक्स, केम्पर, कोणतेंहि चालेल. ज्याचीं बटणें आपल्या डोक्यांत शिरतील तें घ्यावें. घरीं संगणक असेल तर न्यूरल अॅम्प मॉडेलर फुकट मिळतो.

भाच्यानें हा लेख छापण्यापूर्वीं वाचला. त्यानें मधल्या पट्ट्याचें बटण वर नेलें आहे, गेन निम्म्यावर आणला आहे. त्याची तक्रार एवढीच कीं, आतां उजव्या हाताच्या चुका सगळ्यांना ऐकूं येतात.