मीटरचा करार

सुशिक्षित मध्यम वर्गाच्या दिवाणखान्यांत सध्यां ज्या थोड्या गोष्टींवर एकमत आढळतें, त्यांत मोबाईलवरून बोलावण्याच्या गाडीची गणना अवश्य करावी लागेल. राजकारणावर मतभेद होतो, नाटकावर होतो, मुलांना कोणत्या माध्यमांत घालावें यावर तर एकाच घरांत दोन पक्ष पडतात. पण “आतां रिक्षावाल्यांच्या मिनतवाऱ्या नकोत, बोट लावलें कीं गाडी दारांत,” असें कोणीं म्हटलें म्हणजे सर्वांच्या माना डोलतात. आमचीहि मान पुष्कळ वर्षें डोलत आली. ती डोलावयाची कां थांबली, हें सांगण्याचा येथें हेतु आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, या सोयीच्या बदल्यांत आपण एक जुना नागरी हक्क देऊन बसलों आहोंत, आणि तो कोणास, केव्हां व कितीला दिला याचा आपणांस पत्ताहि नाहीं. तो हक्क म्हणजे जाहीर भाड्याचा हक्क.

मीटर ही वस्तु आपण इतकी वर्षें पाहत आलों कीं, तिचा अर्थ काय हें पाहावयाचें राहूनच गेलें. रिक्षांत किंवा टॅक्सींत बसविलेलें तें यंत्र चालकाच्या मालकीचें असतें, पण त्यावरचा दर त्याच्या मर्जीतला नसतो, प्रवाशाच्याहि नसतो. तो परिवहन प्राधिकरण ठरवितें. वाहनाची किंमत, विमा, दुरुस्ती, इंधन, कर आणि चालकाचा निर्वाहखर्च यांचा हिशेब मांडून भाडें काढावें, असें सूत्र हकीम समितीनें घालून दिलें व २०१२ सालीं मुंबईंत त्याप्रमाणें भाडेवाढ झाली. पुढें खटुआ समितीनें त्या सूत्राचा फेरविचार केला. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबईंत पहिल्या दीड किलोमीटरला रिक्षाचे २६ आणि टॅक्सीचे ३१ रुपये झाले, तेव्हां ही गोष्ट वर्तमानपत्रांत छापून आली आणि घरोघर तिच्यावर कुरकुर झाली. या कुरकुरीचें मोल मोठें आहे. ज्या दरावर कुरकुर करतां येते, तो दर लोकांच्या नजरेखालीं असतो; तो कोणीं ठरविला हें ठाऊक असतें; त्याविरुद्ध अर्ज करतां येतो, सभा भरवितां येते, न्यायालयांत जातां येतें. शिवाय, डॉक्टर असो कीं रोग्याची आई असो, एका अंतराला एकच भाडें. चालक, प्रवासी आणि समाज यांच्यामधील तो एक त्रिपक्षी करार होता, आणि त्याचीच साक्ष तें लहानसें यंत्र देत असे.

येथें कोणी म्हणेल कीं, प्राध्यापकमहाशय रिक्षावाल्यांचें वकीलपत्र घेऊन आलेले दिसतात. तसें मुळींच नाहीं. रात्रीं दहाला स्टेशनाबाहेर सामान घेऊन उभे असतां “तिकडे येत नाहीं” हें उत्तर आम्हींहि ओळीनें सात जणांकडून ऐकलें आहे. ‘हाफ रिटर्न’ या शब्दांचा अर्थ ज्याला आपल्या खिशांतून शिकावा लागला नाहीं, असा पुणेकर विरळाच. धांवरे मीटर, मोडकीं सुट्ट्या पैशांचीं निमित्तें, उद्धट बोलणें, सारें खरें आहे. रात्रीं एकटीनें घरीं येणाऱ्या मुलीच्या आईला गाडीचा क्रमांक व मार्ग मोबाईलवर दिसत राहतो, ही सोयहि खरी आहे आणि तिला नांवें ठेवण्याचें पाप आम्ही करणार नाहीं. परंतु करार मोडणाऱ्यास शासन करणें हा एक उपाय आहे, आणि करारच फाडून टाकणें हा दुसरा. आपण दुसरा पत्करला. भाडें नाकारणाऱ्या चालकाविरुद्ध परिवहन कार्यालयांत तक्रार नोंदविण्याचे कष्ट आपल्यापैकीं किती जणांनीं घेतले? आम्हीं स्वतः एकदांहि घेतले नाहींत. सार्वजनिक व्यवस्था बिघडली कीं ती दुरुस्त करण्याऐवजीं तिच्यांतून गुपचूप अंग काढून घ्यावें, ही आपल्या वर्गाची अलीकडची रीतिच होऊन बसली आहे. शाळेंत तेंच केलें, इस्पितळांत तेंच, आणि रस्त्यावरहि तेंच.

२०१० सालीं निघालेली ओला आणि २०१३ सालीं बंगळूरमार्गें भारतांत आलेली उबर यांनीं या वृत्तीचें अचूक निदान केलें. पहिलीं कांहीं वर्षें प्रवाशांना सवलतींची खैरात झाली आणि चालकांना बक्षिसांची. भाडें इतकें थोडें कसें परवडतें, असें कोणी विचारलें नाहीं. फुकट जेवणाऱ्यानें शिध्याचा हिशेब मागण्याची चाल आपल्याकडे नाहीं. त्या बक्षिसांच्या आशेवर कितीतरी तरुणांनीं कर्ज काढून गाड्या घेतल्या. पुढें सवलती आटल्या, बक्षिसेंहि आटलीं. कर्जाचे हप्ते तेवढे आटले नाहींत.

आमची मान डोलावयाची थांबली, ती गेल्या पावसाळ्यांतल्या एका संध्याकाळीं. कॉलेजच्या दाराशीं आम्ही व आमचे एक सहकारी उभे होतों. दोघांनाहि कोथरुडला एकाच चौकांत उतरावयाचें होतें. गंमत म्हणून दोघांनींहि आपापले मोबाईल काढले. एकच कंपनी, एकाच जातीची गाडी, एकच मिनिट. पण आमच्या मोबाईलवर ३४० रुपये उमटले आणि त्यांच्या मोबाईलवर २९०. अर्थातच गाडी त्यांच्या नांवानें बोलावली. चालक विशीतला, लातूरकडचा, बोलण्यांत मृदु. उतरतांना सहकाऱ्यांनीं पैसे दिले, तेव्हां त्यानें संकोचानें विचारलें, “सर, तुम्हाला किती दाखवले होते?” आम्हीं दोन्ही आकडे सांगितले. तो हंसला आणि आपला मोबाईल आमच्यापुढें धरून म्हणाला, “मला हे दोनशे चौदा. बाकीचं कुठं जातं, ते मलाही सांगत नाहीत.”

या प्रसंगांत कोणीं कोणास फसविलें, असा आरोप आम्ही करीत नाहीं. कदाचित् त्या तीन आकड्यांमागें कांहीं सयुक्तिक हिशेबहि असेल. आमचें दुःख निराळें आहे. एका गाडींत बसलेल्या तिघां माणसांपैकीं एकालाहि त्या प्रवासाचें भाडें कसें ठरलें हें सांगतां येईना, आणि ज्याला विचारावें असें कोणी अस्तित्वांतच नव्हतें. आम्हीं कंपनीस पत्र लिहिलें. उत्तर आलें, तें यंत्रानें लिहिलेलें होतें, आणि त्यांत आमच्या अभिप्रायाबद्दल आभार मानलेले होते. मंडईंतली भाजीवाली भाव मोठ्यानें ओरडून सांगते; शेजारचीनें किती दिले हें आपल्याला ऐकूं येतें, म्हणून घासाघीस करतां येते. येथें प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कानांत निराळा भाव कुजबुजला जातो.

“मग घेऊं नये, बळजबरी कोण करतें?” असा प्रश्न अर्थशास्त्राचा पहिला धडा वाचलेले आमचे मित्र करतात. त्यांस आमचें उत्तर असें कीं, बाजार म्हणावयाला दोन्ही पक्षांना भाव ठाऊक असावा लागतो. येथें प्रवाशाचें येणेंजाणें, त्याची घाई आणि त्याची संवय एका पक्षाला ठाऊक. दुसऱ्याला फक्त शेवटचा आकडा. पावसांत भिजणाऱ्या माणसाच्या अडचणीची किंमत करणें याला पूर्वीं अडवणूक म्हणत. मीटरवर दीडपट मागणारा रिक्षावाला आपल्या लेखीं लुटारू. तीच दीडपट पडद्यावर उमटली म्हणजे मात्र ती मागणी-पुरवठ्याचा नियम ठरते!

सरकारला हें दिसत नाहीं असें नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनें मोटार वाहन कायद्यांत अशा कंपन्यांना परवान्याच्या कक्षेंत आणलें. २०२० च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनीं गर्दीच्या वेळच्या भाड्याची कमाल मर्यादा मूळ भाड्याच्या दीडपट ठेविली. २०२५ च्या सूचनांनीं ती दुप्पट केली. म्हणजे ज्या गोष्टीला आळा घालावयाचा, तिचीच कक्षा पांच वर्षांत रुंदावली. पुण्यांत प्रादेशिक परिवहन प्राधिकरणानें १ जानेवारी २०२४ पासून वातानुकूलित टॅक्सीला पहिल्या दीड किलोमीटरचे ३७ आणि पुढें किलोमीटरला २५ रुपये असा दर ठरविला. तो कंपन्यांकडून मिळावा म्हणून चालकांना त्याच वर्षीं संप करावा लागला. कायद्यानें ठरविलेला दर मागण्याकरितां संप करावा लागणें, याहून त्या करारभंगाचा निराळा पुरावा तो काय हवा?

चालकाला हे लोक ‘भागीदार’ म्हणतात. ज्या भागीदाराला नफा-तोटा कळत नाहीं, भाव ठरवितां येत नाहीं, आणि ज्याचें नांव एका सकाळीं यादींतून उडालें तर कारण विचारतां येत नाहीं, तो भागीदार कसला? ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानें १९ फेब्रुवारी २०२१ रोजीं उबरच्या चालकांना कामगार ठरवून किमान वेतन व पगारी रजा यांचा हक्क दिला. आपल्याकडील सामाजिक सुरक्षा संहिता २०२० सालीं संमत झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ रोजीं अमलांत आली. तिच्यांत अशा श्रमिकांचा उल्लेख प्रथमच आला, हें चांगलें. पण कामगार हा दर्जा त्यांस तिनेंहि दिला नाहीं.

‘वांटून प्रवास’ ही कल्पना या कंपन्यांनीं शोधून काढली असाहि एक भ्रम आहे. स्टेशनाबाहेरची शेअर रिक्षा, सातारा-कोल्हापूरकडचें वडाप, हीं वाहनें कोणत्याहि ॲपच्या आधींपासून माणसें वांटून नेत आहेत, आणि सीटचा दर साऱ्या फाट्याला ठाऊक असतो. बससारखें वांटलेलें वाहन तर दुसरें नाहींच. तिचें किमान भाडें मुंबईंत २०२५ सालीं ५ चे १० रुपये झालें, तेंहि जाहीरपणेंच. पण आपण बसमधून उतरलों, आणि बोलके व लिहिते प्रवासी उतरल्यावर बसची दुर्दशा सांगावयास कोणी उरलें नाहीं.

मग ॲप टाकून द्यावें काय? नाहीं. यंत्राशीं आमचें भांडण नाहीं. भांडण गुप्ततेशीं आहे. मोबाईलवर गाडी खुशाल बोलवावी. परंतु तिचा दर प्राधिकरणाच्या जाहीर सूत्रानें निघावा, चालकाला त्यांतले किती मिळणार तें प्रवाशाला दिसावें, आणि भाडें वाढलें तर त्याचें कारण दोघांनाहि कळावें. हें अशक्य नाहीं. बंगळुरांत २०२२ पासून ‘नम्म यात्री’ भाड्यांतून कमिशन न घेतां रिक्षा मिळवून देत आहे. २०२५ सालीं नोंदलेल्या सहकारी संस्थेची ‘भारत टॅक्सी’ दिल्लींत सुरू झाली आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनीं १९५० च्या सुमारास प्रवरेकांठीं शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना उभा केला, त्या महाराष्ट्रानें चालकांच्या मालकीची गाडी-सेवा दिल्लीच्या आधीं कां काढूं नये, हा प्रश्न आम्हांस सुचतो. सहकारांत पुढें शिरलेले दोष आम्ही जाणतों. पण त्या दोषांचा हिशेब निदान वार्षिक सभेंत मागतां तरी येतो.

सरकार आपलें काम करील तेव्हां करील. तोंवर वाचकांनीं दोन गोष्टी कराव्या. पुढच्या वेळीं गाडींतून उतरतांना चालकाला विचारावें, “दादा, यांतले तुम्हांला किती मिळाले?” आणि तो आकडा आपल्या आकड्याशेजारीं लिहून ठेवावा. असे महिनाभराचे आकडे जमले कीं ते परिवहन कार्यालयाकडे पाठवावे आणि खुलासा मागावा. रिक्षावाल्याविरुद्ध जो अर्ज आपण कधींच केला नाहीं, त्याची थोडीशी भरपाई तरी त्यानें होईल. आम्हीं गेल्या महिन्यापासून अशी वही ठेविली आहे. पहिल्या ओळींत ३४०, २९० आणि २१४ हे तीन आकडे आहेत.