सह्यांचे गठ्ठे आणि मालकांचा ताळेबंद

अमेरिकन बॉबी व्हॅलेंटाईन यांची जपानी बेसबॉलमधील कारकीर्द म्हणजे दोन संस्कृतींचा संघर्ष, असे सांगण्याची प्रथा आहे. हे स्पष्टीकरण मालकांच्या सोयीचे आहे. सत्य निराळे आहे.

च्युइंगम आणि मिठाईच्या धंद्यावर वाढलेल्या लोट्टे कंपनीच्या चिबा येथील संघाची सूत्रे १९९५ साली व्हॅलेंटाईन यांच्याकडे आली. संघ पॅसिफिक लीगमध्ये दुसरा आला. तरीही सरव्यवस्थापक तात्सुरो हिरोओका यांच्याशी न पटल्याने एकाच हंगामानंतर त्यांना नारळ मिळाला. २००४ मध्ये त्याच कंपनीने त्यांना परत बोलावले. २००५ मध्ये हानशिन टायगर्सचा ४-० असा धुव्वा उडवून संघाने ३१ वर्षांनी जपान सिरीज जिंकली. संस्कृती तीच, माणूसही तोच! मग २००९ च्या हंगामाअखेर त्यांना निरोप का मिळाला? कारण खर्चाचे होते. ताळेबंदाला संस्कृती नसते.

चाहत्यांनी एक लाखाहून अधिक सह्या गोळा केल्या, मैदानात निषेधाचे फलक फडकावले. याच संघाने २६ हा क्रमांक चाहत्यांसाठी राखून ठेवला आहे. चाहता हा म्हणे सव्विसावा खेळाडू. निर्णयाच्या वेळी मात्र त्याला कोणी विचारले नाही.

२०१० मध्ये व्हॅलेंटाईन यांच्यावाचूनही लोट्टेने अजिंक्यपद मिळवले, असा युक्तिवाद केला जाईल. तो गैरलागू आहे. गलेलठ्ठ वेतन घेणारे व्हॅलेंटाईन काही शोषित श्रमिक नव्हेत. प्रश्न त्यांच्या नोकरीचा नसून, ज्यांच्या निष्ठेवर संघ उभा राहतो त्यांच्या अधिकाराचा आहे.

या प्रश्नाचे उत्तर जपाननेच २००४ मध्ये दिले होते. मालकांनी किन्तेत्सु आणि ओरिक्स या संघांच्या विलीनीकरणाचा घाट घातला. चर्चेची मागणी करणाऱ्या खेळाडूंना योमिउरीचे त्सुनेओ वातानाबे यांनी ‘केवळ खेळाडू’ म्हणून हिणवले. अत्सुया फुरुता यांच्या नेतृत्वाखाली खेळाडूंच्या संघटनेने १८ आणि १९ सप्टेंबरला संप केला. जपानी व्यावसायिक बेसबॉलच्या इतिहासातील तो पहिलाच संप. विलीनीकरण टळले नाही. परंतु नव्या संघाला प्रवेश देण्याचे मालकांना मान्य करावे लागले, आणि २००५ मध्ये राकुतेन संघ मैदानात उतरला.

दोन दिवसांच्या संपाने जे मिळवले, ते लाखभर सह्यांना मिळवता आले नाही. सही ही विनंती असते आणि विनंती फेटाळता येते. संघटितपणे थांबवलेले काम मात्र मालकाला फेटाळता येत नाही.