पुढे काय झाले?

दूरस्थ वैद्यकीय सल्ल्यांची संख्या सरकार आवडीने मोजते. त्या सल्ल्याने रुग्ण बरा झाला का, हे मोजण्याची वेळ आली की मात्र सगळे गप्प!

'ई-संजीवनी' या सरकारी दूरस्थ सल्ला सेवेचे आकडे पुन्हा एकदा अभिमानाने सांगितले जात आहेत. २०२४ च्या नोव्हेंबरातच हे सल्ले ३१ कोटींच्या पुढे गेले होते. आता तर निदान सुचवणारी कृत्रिम बुद्धिमत्ताही या सेवेला जोडली आहे, आणि 'जगातील सर्वांत मोठी' हे बिरुद होतेच. असेल मोठी. पण जालना जिल्ह्यातील मंठ्याच्या एखाद्या उपकेंद्रात तापाने फणफणलेली बाई पडद्यावरच्या डॉक्टरशी बोलली, तिला गोळ्या लिहून दिल्या गेल्या, आणि पुढे काय झाले? ताप उतरला, की तिसऱ्या दिवशी ती उसनवारी करून खासगी दवाखान्यात सलाइन लावायला गेली? ३१ कोटींच्या या हिशेबात त्या प्रश्नाचे उत्तर जनतेसमोर मांडले जात नाही. आमचा राग त्यावर आहे.

जालन्याला या सेवेची गरज नाही, असे कोणी म्हणणार नाही. १९८१ साली जन्मलेल्या या जिल्ह्यात आठ तालुके, २०११ च्या जनगणनेत साडेएकोणीस लाखांवर लोकसंख्या. जाफराबाद किंवा मंठ्याहून जालना गाठायचे तर पन्नास-साठ किलोमीटर, तिथून छत्रपती संभाजीनगरच्या 'घाटी' रुग्णालयात पाठवले तर आणखी तेवढेच. त्यात दिवसाची मजुरी बुडते, सोबतच्या माणसाचीही बुडते. मनोरुग्णांची अवस्था तर आणखी बिकट. ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी अशी राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालये, त्यांत मराठवाड्यातले एकही नाही. जालन्यातील मनोरुग्णालयाला मंजुरी मिळाली तीही अलीकडच्या काळात. अशा ठिकाणी तज्ज्ञ पडद्यावर का होईना, भेटत असेल तर ते स्वागतार्हच. पण गरज आहे म्हणून सल्ल्याचा दर्जा विचारू नये, हा कुठला न्याय? पर्याय नसलेल्या माणसाला तर चोख तेच मिळाले पाहिजे.

दर्जा मोजता येत नाही, ही सबब चालणार नाही. मध्य प्रदेशातील खेड्यांत आणि दिल्लीत अर्थशास्त्रज्ञ जिष्णू दास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लक्षणे पाठ केलेले बनावट रुग्ण दवाखान्यांत पाठवले. डॉक्टर कोणते प्रश्न विचारतो, किती वेळ देतो, योग्य उपचार सांगतो का, याची मोजदाद केली. निष्कर्ष लाजिरवाणे होते, पण निदान ते हाती तरी आले. २०१७ साली ६७ देशांच्या आकडेवारीचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात प्राथमिक स्तरावर डॉक्टर रुग्णाला देत असलेला सरासरी वेळ बांगलादेशात ४८ सेकंद, तर स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटे आढळला. ई-संजीवनीवर तर कॉल सुरू कधी झाला, संपला कधी, औषध कोणते लिहिले, हे सगळे संगणकातच असते. मग जालना जिल्ह्याचा सरासरी कॉल किती मिनिटांचा, हे सांगायला काय हरकत आहे?

नियम नाहीत, असेही नाही. २०१८ साली रत्नागिरीतील एका प्रकरणाने राज्यभरातले डॉक्टर हादरले होते. प्रसूतीनंतर महिलेचा मृत्यू झाला, डॉक्टर गैरहजर आणि उपचार फोनवरून. उच्च न्यायालयाने डॉक्टर दाम्पत्याला अटकपूर्व जामीन नाकारला. त्यानंतर फोनवर सल्ला द्यायला भले भले कचरू लागले. २५ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे आली आणि ती भीती संपली. पण त्याच तत्त्वांनी जबाबदारीही घातली आहे. डॉक्टरने आपली ओळख आणि नोंदणी क्रमांक सांगायचा, नोंदी जपायच्या, अमुक औषधे पहिल्या भेटीत व्हिडिओशिवाय द्यायची नाहीत, काही तर मुळीच नाहीत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, प्रत्यक्ष तपासणी लागणार असेल तर तिथेच थांबून रुग्णाला बोलवायचे. हे 'थांबणे' किती वेळा घडले? थांबवून पाठवलेला रुग्ण जिल्हा रुग्णालयात पोहोचला का? पुढे काय झाले?

हे कोणी विचारत नाही, कारण वरून विचारणा होते ती 'आज किती कॉल झाले' एवढीच. उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी बहुतांश कंत्राटी, त्यांचे काम आकड्यांवर तोलले जाते. आकड्याची सक्ती झाली की खोकल्याच्या रुग्णालाही कॅमेऱ्यासमोर बसवले जाणार, आणि ज्याला खरोखर तज्ज्ञ हवा आहे तो रांगेत ताटकळणार. दोष उपकेंद्रातल्या त्या पोराचा नाही. त्याला ज्या मापाने मोजता, त्या मापानेच तो काम करणार.

बरे, सल्ला उत्तम मिळाला असे धरू. औषधाचे काय? चिठ्ठीवरची गोळी उपकेंद्राच्या कपाटात नसेल तर तो सल्ला मेडिकल दुकानाच्या बिलावर संपतो. आणि सरकारी कपाटात असलेली गोळी तरी खरी आहे का? शेजारच्या बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईत, स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयाला बनावट गोळ्या पुरवल्याप्रकरणी २०२४ च्या डिसेंबरात गुन्हा दाखल झाला. निदान संगणकावर आणि गोळी बनावट, अशी ही डिजिटल क्रांती!

या सेवेचा खरा उपयोग कुठे आहे, हे पाहायचे तर दिवाळीनंतर अंबड, घनसावंगी, परतूरच्या तांड्यांवर जावे. घरे कुलूपबंद असतात, माणसे ऊसतोडीला, साखर कारखान्याच्या फडात. बीड जिल्ह्यात २०१९ साली सरकारी समितीने ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. शस्त्रक्रियेआधी एका तटस्थ तज्ज्ञाचा दुसरा सल्ला मोबाइलवर मिळाला असता, तर त्यांतल्या कितीजणी वाचल्या असत्या? फडातल्या बाईची बीपीची गोळी, क्षयरुग्णाचा चौथा महिना, गरोदरपणाची नोंद हे सारे तिच्या मागोमाग कोल्हापूर-सांगलीपर्यंत जाऊ शकते. त्यासाठी कॉल संपल्यावरही रुग्णाची आठवण ठेवावी लागते. आठव्या दिवशी उलट फोन करावा लागतो. फुकटातले हे काम आपली यंत्रणा सर्वांत कमी करते.

आता यात कृत्रिम बुद्धिमत्ता आली. येऊ द्या. पण रुग्णाचे पुढे काय झाले हेच माहीत नसेल, तर तिने सुचवलेले निदान बरोबर होते की चूक, हे ठरवणार कोण? आधी तपासणीची शिस्त, मग यंत्राची हौस. खासगी ॲपवाल्यांबद्दल तर बोलायलाच नको. औषध विकायचे म्हणून दोन मिनिटांत चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरचा बाजार तिथे मांडला आहे आणि त्यावर लक्ष ठेवायला कोणाला सवड नाही.

जालन्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ९ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झाले, तेही दूरदृश्य प्रणालीने. उद्घाटनाला पडदा पुरतो, उपचाराला पुरतोच असे नाही. त्याच महाविद्यालयाच्या सामाजिक वैद्यकशास्त्र विभागाकडे आता हे काम सोपवा. दर महिन्याला प्रत्येक तालुक्यातील औषधांच्या चिठ्ठ्या सोडत काढून निवडा आणि दोन ज्येष्ठ डॉक्टरांकडून तपासून घ्या. बनावट रुग्ण पाठवा. निवडक रुग्णांना आठव्या दिवशी फोन करा. मातामृत्यूची चौकशी होते, तशी चुकलेल्या सल्ल्याचीही होऊ द्या. आणि निकाल तालुकावार, जिल्हा परिषदेच्या सर्वसाधारण सभेसमोर मांडा. याला कोट्यवधींचा निधी लागत नाही, लागते ती आपले अपयश छापण्याची तयारी. ती नसेल तर ३१ कोटींचे ४० कोटी झाले काय आणि १०० कोटी झाले काय, ती दूरध्वनी खात्याची कामगिरी ठरेल, आरोग्य खात्याची नव्हे.