मन कुणाचं शिकवता?

आमच्या टोळीतले एक काका परवा जेवणाच्या सुट्टीत म्हणाले, "तू लिव्हतोस-वाचतोस. सांग बाबा, पोरगी सायकॉलॉजीत बीए करते म्हणते. करू दे का?" मी मॅट्रिक. दिवसभर गोदीत बोजा उचलणारा. पण विचारलंच आहे म्हटल्यावर ओळखीच्या एका पोरीची तीन वर्षांची पुस्तकं आणली, डिक्शनरी घेतली नि दोन रविवार बसलो. त्यातून झालेलं मत मांडतो. विद्वानांनी रागावू नये. रागावले तरी हरकत नाही.

दोस्तहो, विषय फालतू नाही. बाळपण ते म्हातारपण, वेड नि शहाणपण, कारखान्यातला माणूस, बुद्धीच्या चाचण्या, आकडेमोड, सगळं आहे. मला पटलं ते हे, की इथं नुसतं बोलून भागत नाही, प्रयोग करून दाखवावा लागतो. पोथीवाल्यांच्या देशात हे थोडं नाही. केनेथ आणि मेमी क्लार्क या काळ्या नवराबायकोनं १९४० च्या सुमारास काळ्या पोरांपुढं गोरी नि काळी बाहुली ठेवली. बऱ्याच पोरांनी गोरीच चांगली म्हणून उचलली. १९५४ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं काळ्यांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या, तेव्हा निकालाच्या तळटीपेत क्लार्कचं लिखाण होतं. शास्त्र असं कोर्टाची पायरी चढतं.

मग आमचं काय? मी चाळलेल्या पुस्तकात पूर्वग्रहाचं अख्खं प्रकरण अमेरिकेचं. जातीला अर्धं पानसुद्धा नाही. बाबासाहेबांनी १९३६ सालीच सांगितलं होतं, की जातीचं बिऱ्हाड माणसाच्या मनात असतं. मनाच्या शास्त्राला मात्र तो पत्ता सापडत नाही!

पुरावा नाही म्हणाल, तर आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या सहावी-सातवीच्या पोरांना भूलभुलैयाची कोडी घातली. २००४ साली निष्कर्ष मांडले. जात पुकारली नाही, तेव्हा खालच्या मानलेल्या जातींची पोरं नि सवर्णांची पोरं बरोबरीत. सगळ्यांसमोर नाव नि जात पुकारली, की आपल्या पोरांची कोडी कमी सुटली. डोकं तेच, हात तेच. गंमत म्हणजे ह्या दोघी अर्थशास्त्रवाल्या! मानसशास्त्रवाले तेव्हा कुठं होते?

ते अमेरिकेत होते. आर्नेट नावाच्या मानसशास्त्रज्ञानं २००८ साली मोजून दाखवलं, की तिथल्या प्रमुख नियतकालिकांत तपासलेली ९६ टक्के माणसं पाश्चात्त्य औद्योगिक देशांतली. उरलेल्या जगाला मन नाही काय?

पोटाचंही बोलू. नुसत्या बीएवर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येत नाही. पुढं एमए, मग पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं प्रशिक्षण. म्हणजे आणखी वर्षं, आणखी फी. कॉलेजवाले प्रवेशाच्या वेळी हे मोठ्यानं सांगत नाहीत. आपण सांगू.

तरी मी काकांना म्हणालो, करू दे. आपल्या वस्तीत दारू आहे, गळफास आहे, वेड लागलं की देवऋषी आहे. तिथं आपल्यातलं शिकलेलं माणूस पाहिजे. पण पोरीनं वर्गात गप्प बसू नये. मास्तरांना विचारावं, जातीचं प्रकरण कुठंय? प्रोजेक्ट द्यायचं तर वसतिगृहातल्या पोरांवर द्यावं, आमच्या गोदीवर द्यावं. पुस्तकात नसेल तर तिनं लिहावं.

काका म्हणाले, "फी किती म्हणालास?"

तो आकडा आधी जमवायचा आहे. टोळीत वर्गणी सुरू केलीय.