सरासरी भरली, तरी बांधी कोरडी

पावसाळा सरला की शासकीय अहवालांत एक आकडा ठळकपणे झळकतो. यंदा सरासरीच्या किती टक्के पाऊस झाला, हा तो आकडा. तो शंभराच्या आसपास असला की वर्ष बरे गेले, असे मानले जाते. भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील आसगाव व परिसरातील चौरास पट्ट्यात मात्र धान उत्पादकाचे गणित या आकड्यात बसत नाही. पाऊस किती पडला, यापेक्षा तो केव्हा पडला, यावर त्याचे वर्ष ठरते. हवामानशास्त्रातील अलीकडचे संशोधनही याच मुद्द्याकडे लक्ष वेधते.

मृगाच्या पावसावर पऱ्हे टाकले जातात. साधारणपणे तीन ते चार आठवड्यांत ते रोवणीला येतात. त्या वेळी बांधीत चिखलणी होण्याइतके पाणी हवे. पावसाने दडी मारली, तर पऱ्हे जास्त वयाचे होतात, पुढे फुटवे कमी येतात आणि उतारा घटतो. नंतर दोन दिवसांत महिन्याचा पाऊस कोसळला, तर कागदावरची तूट भरून निघते, पिकाची नाही.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत क्षेत्रावर होणाऱ्या टोकाच्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. अरबी समुद्रावरून बाष्प आणणाऱ्या पश्चिमी वाऱ्यांतील वाढते चढउतार हे त्यामागील कारण असल्याचे संशोधकांनी दाखवून दिले.

याच्या उलट बाजूचे चित्र केंद्रीय पृथ्वीविज्ञान मंत्रालयाच्या २०२० मधील अहवालात आहे. १९५१ ते २०१५ दरम्यान देशातील मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला. १९५१ ते १९८० या काळाच्या तुलनेत १९८१ ते २०११ या काळात पावसाळ्यातील कोरड्या खंडांची वारंवारिता २७ टक्क्यांनी वाढली. या दोन्ही गोष्टींत विसंगती नाही. तापमान एका अंशाने वाढले की हवेची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे पाऊस पडतो तेव्हा अधिक जोराने पडू शकतो.

संकट नेहमी स्थानिक आभाळातूनच येते, असेही नाही. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातील मुसळधार पाऊस आणि संजय सरोवरातून झालेला विसर्ग यांमुळे वैनगंगेला महापूर आला व नदीकाठची गावे आणि शेते पाण्याखाली गेली.

अंदाजाच्या आघाडीवर काही प्रगती निश्चित झाली आहे. याच पुण्याच्या संस्थेने विकसित केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ मे २०२५ मध्ये कार्यान्वित झाली. तिच्यामुळे अंदाजाची चौकट १२ किलोमीटरवरून ६ किलोमीटरवर आली. मात्र अंदाज कितीही सूक्ष्म झाला, तरी तो बांधीत पाणी आणत नाही. त्यासाठी साठवण लागते.

या जिल्ह्याला साठवणीची परंपरा नवी नाही. गोंड राजवटीत कोहळी समाजाने बांधलेले तलाव पुढे मालगुजारी तलाव म्हणून ओळखले गेले. पूर्व विदर्भात त्यांची संख्या सहा हजारांहून अधिक आहे. स्वातंत्र्यानंतर मालगुजारी संपुष्टात आली, तलाव शासनाकडे गेले आणि लोकांच्या तोंडी ते ‘मामा तलाव’ झाले. पुढे अनेक तलाव गाळाने भरले, काहींवर अतिक्रमणे झाली. पवनी तालुक्यातीलच गोसीखुर्द प्रकल्पाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. मोठे धरण आणि गावतलाव हे एकमेकांचे पर्याय नव्हेत. कालव्यापासून दूर असलेल्या बांधीला पावसाच्या खंडात तलावच आधार देतो.

या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. पाणी साचलेल्या धानशेतीत प्राणवायूअभावी जिवाणू मिथेन तयार करतात. शंभर वर्षांच्या कालावधीचा विचार केल्यास हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडवतो. बांधी आलटूनपालटून भिजवणे आणि सुकू देणे, हा त्यावरचा सिद्ध झालेला उपाय असून त्यात पाण्याचीही बचत होते. पण पुन्हा पाणी मिळेल याची खात्री असल्याखेरीज कोणता शेतकरी बांधीतले पाणी सोडून देईल? म्हणजे उत्सर्ग कमी करण्याची वाटही शेवटी तलावाच्या पाळीवरूनच जाते.

त्यामुळे नियोजनाची मोजपट्टी बदलण्याची गरज आहे. हंगामाच्या एकूण मिलिमीटरसोबत पावसाचे दिवस, खंडाचे दिवस आणि रोवणीच्या पंधरवड्यातील तलावसाठा यांचीही महसूल मंडळनिहाय नोंद व्हावी आणि गाळ काढण्याचा अग्रक्रम त्यावरून ठरावा. संशोधकांनी बदललेल्या पावसाचे स्वरूप स्पष्ट केले आहे. आता प्रशासनाने सरासरीच्या समाधानातून बाहेर पडायला हवे.